इतर

वृक्षगणनेच्या टॅबमध्ये
तोरणीला जागा नाही.
'त' दाबला की ताड येतो, ताम्हण येतं, तिवर,
तुतीसुद्धा येते,
आणि मग यादी सरळ धावड्यावर उतरते.

नियम छापील आहे:
खोडाचा घेर दहा सेंटिमीटरच्या वर, तर झाड.
खाली असेल तर
मोजू नये.

चार दिवस मी टेप घेऊन फिरतेय
खारघरच्या डोंगराला, सेक्टर पस्तीसच्या वर,
जिथं नव्या टॉवरची भिंत
अर्धी भिंत आहे, अर्धी नुसत्या सळ्या.
सोबत सोमी हिलम, रोजावर,
हातात चुन्याची बादली.
मी नंबर सांगते, ती खोडावर लिहिते.
आकडे येतात, अक्षरं नाही येत, म्हणते.
मला ते पुरतं खरं वाटत नाही.

चैत्र. गवत इतकं वाळलंय
की पाऊल टाकलं की कागद चुरगळतो.
आणि सळ्या संपतात तिथं ती जाळी:
पानांच्या पोटाला गंजक्या रंगाची लव,
घोसच्या घोस पांढरे,
थोराड साबुदाणा कुणी भिजत घालून
विसरून गेल्यासारखे.

"तोरणा," सोमी म्हणाली.
बादली खाली ठेवली
आणि चार दिवसांत पहिल्यांदा
माझ्या पुढे चालली.

मी हात घातला.
आत जाताना काटा काही म्हणत नाही.
बाहेर येताना त्याने बाही धरली, मग मनगट,
मग ओढणी, मग गळ्यातलं ओळखपत्र.
मी ओढलं. त्याने जास्त धरलं.
"वढू नुका," सोमी म्हणाली,
"आतमदी जा अजून. त्याच्याकडं.
मंग सोडल."
साहेबांच्या बुटांनी मी
झुडपात आणखी एक पाऊल टाकलं
आणि सुटले.

चव काय सांगू.
पिठूळ, जेमतेम गोड, बाकी सगळी बीच.
एवढ्यासाठी एवढं रक्त?
दुसरं खाल्लं. तिसरं.
सातव्याला मी हिशेब सोडून दिला.

"करवंदाला गिऱ्हाईक हाय, ह्याला नाय.
सफेत बघून बोलतात, पिकलंय कुठं?"
बोलता बोलता तिची ओटी भरत होती.
"पोरीला सातवा लागलाय. भिंतीची माती खाते.
हे दिलं का माती इसारते."
मग हात न थांबवता:
"ह्याला नंबर देनार?"

खाली मेट्रो पेंधरकडे गेली.
तिचा आवाज वर येईपर्यंत
ती दिसेनाशी झाली होती.

मी टेप गुंडाळली. नऊ.
जरा सैल धरली. साडेनऊ.
सोमी उकिडवी बसली
आणि काही न बोलता
टेपखाली आपलं बोट सारलं,
चुन्याने पांढरं झालेलं, काळ्या भेगांचं.

सव्वादहा.

नाव: इतर.
उंची: अंदाजे.
प्रकृती या रकान्यात
चांगली, मध्यम, धोकादायक असे तीनच पर्याय.
काट्यांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं,
आणि 'चांगली' दाबलं.

खोड इतकं बारीक
की आकडा वळून मागे गेला.
२३१७ पैकी
समोरून फक्त तेवीस दिसत होतं.
सोमीने एकदा मागे जाऊन पाहिलं,
मग ब्रश बादलीत खळबळला.
पुढचं झाड सुबाभूळ होतं.
त्याला दोघींनी फार वेळ दिला नाही.

रात्री वॉशिंग मशीनमध्ये
काहीतरी खडखडत राहिलं.
"खिशात नाणी राहिली तुझ्या," हेरंब म्हणाला.
"असू देत," मी म्हटलं.
मनगटाला आयोडीन लावत होते.
मशीन तेव्हा पिळण्यावर आलं होतं,
इतकं जोरात
की ओट्यावरची भांडी
हळूहळू
भिंतीकडे सरकत होती.